महायुद्धात ‘मिलिटरीत’ असलेल्या अक्कांचे कागद कुठं आणि कसे शोधायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका घरातली मुलगी विचारते: माझ्या आजोबांची धाकटी बहीण, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात ‘मिलिटरीत’ होत्या असं घरात सांगतात. युद्ध संपल्यावर त्यांचं लग्न चंदगडकडं झालं. त्या आता नाहीत, मूलबाळही नव्हतं. आमच्याकडं त्यांचा साडीतला एक स्टुडिओ फोटो, एक पदक आणि कुठल्याशा छापील इंग्रजी फॉर्मचा फाटका अर्धा कागद एवढंच आहे. मराठा सेंटरात अर्ज केला तर त्यांची नोंद मिळेल का?

मराठा सेंटरात मिळणार नाही. असा प्रश्न घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती आधी तिथंच जायला निघालेली असते, म्हणून हे पहिल्यांदा सांगतो. आपल्या भागात मिलिटरी म्हटलं की मराठा पलटण. १९२२ पासून पलटणीचं केंद्र बेळगावात आहे, गावोगावी कुणाचा तरी आजा-पणजा ‘पाचव्या मराठा’त होता, त्यामुळं तसं वाटणं साहजिक आहे. पण पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या जवानांचे कागद सांभाळतं, आणि त्या काळात बायका पलटणीत भरती होत नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळी दलं होती, त्यांची भरती वेगळी, नंबर वेगळे आणि कागदही वेगळे.

लष्कराचे जुने कागद गावाप्रमाणं लावलेले नसतात. दल, नंबर आणि भरतीच्या दिवशी सांगितलेलं नाव, यावर ते लागतात. ‘खानापूर तालुक्यातली एक बाई, १९४३ च्या सुमाराची’ एवढ्यावर कोणताही कारकून काही काढून देऊ शकत नाही, त्याची इच्छा असली तरी. माझी उभी नोकरी सैनिकांच्या कागदपत्रांत गेली आणि निवृत्तीनंतरही लोकांना हेच शोधायला मदत करतो. त्यातून एक गोष्ट ठाम सांगतो: बायकांच्या बाबतीत शोध अडतो तो लष्कराच्या दारात नव्हे, नावावर अडतो. म्हणून पहिलं काम घरातच आहे.

अक्का भरती झाल्या तेव्हा त्या अविवाहित होत्या. म्हणजे कागदावर त्यांचं माहेरचं नाव आहे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडं लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही. ताटात तांदूळ पसरून नवरा नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून पाळण्यातलं नाव माहेरच्या चार माणसांपुरतं उरतं. चंदगडकडची मंडळी सांगतील ते नाव सासरचं असणार. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी, सगळं सासरच्या नावानं. त्या नावानं लष्कराकडं जन्मभर अर्ज केले तरी ‘नोंद आढळली नाही’ हेच उत्तर येईल, आणि ते उत्तर खरंच असेल. शिवाय ‘अक्का’ हे तर घरातलं हाकेचं नाव. आजोबांच्या पिढीतल्या कित्येक मुलींना घरात एक आणि शाळेत दुसरं नाव होतं. ‘बायजा’ म्हणून वाढलेली मुलगी शाळेच्या रजिस्टरात ‘सरस्वती’ निघते, हे मी पाहिलेलं आहे.

तर माहेरचं नाव कुठं मिळेल? सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. फौजेत कारकुनी, टेलिफोन किंवा नर्सिंगसाठी गेलेली मुलगी चार-सहा यत्ता तरी शिकलेली असणार. गावच्या प्राथमिक मराठी शाळेत जुनी रजिस्टरं बहुतेक वेळा हेडमास्तरांच्या कपाटात असतात. त्यात मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण असतं. कारणाचा रकाना आवर्जून वाचा, पुढचं गाव तिथंच सापडण्याची शक्यता असते. दुसरी जागा म्हणजे गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते जन्म-मृत्यूचं रजिस्टर. आपला जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं खानापूरच्या तहसील कार्यालयातले त्याआधीचे नमुने महाराष्ट्रातल्या गावांसारखेच आहेत. त्यात मुलीचं नाव कधी नुसतं ‘मुलगी’ एवढंच असतं, कारण बारशाच्या आधीच नोंद व्हायची. तरी बापाचं नाव आणि तारीख मिळते, आणि तेवढंही पुरतं. काही पानं मोडीत असतील. मोडी वाचणारी माणसं बेळगावात आणि कोल्हापुरात आहेत, उगीच अंदाजानं वाचू नका.

आणखी एक. फौजेत जाताना मुलींनी वय वाढवून सांगणं नेहमीचं होतं. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख आणि लष्करी कागदावरची तारीख यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक दिसला तर ‘ही दुसरीच कुणी’ म्हणून कागद बाजूला ठेवू नका. बापाचं नाव आणि गाव जुळतंय का ते बघा.

नाव मराठीत पक्कं झालं की इंग्रजीत त्याची किती रूपं होऊ शकतात त्याचा एक तक्ता करा. त्या काळच्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ असेल, ‘डब्ल्यू’ असेल किंवा ‘ओ’ असेल. पाटीलमध्ये एक ‘आय’ किंवा दोन ‘ई’. देसाईचा शेवट ‘वाय’नंही होतो. कधी आडनावाच्या जागी बापाचं नाव पडलेलं असतं, कधी गावाचं नाव आडनाव झालेलं असतं. ख्रिस्ती घरातल्या मुलींचं, आणि त्या काळी नर्सिंगमध्ये त्यांचं प्रमाण मोठं होतं, बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आणि घरातलं वेगळं. त्यांच्यासाठी चर्चचं रजिस्टर हे शाळेच्या रजिस्टराइतकंच मोलाचं.

आता दुसरा धागा, दल. ‘मिलिटरीत होती’ या दोन शब्दांत घरातली माणसं पाच-सहा वेगळ्या गोष्टी घालतात, आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

पहिली म्हणजे लष्करी नर्स. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हे स्वतंत्र दल १९२६ मध्ये उभं राहिलं. १९४३ मध्ये मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसेस (इंडिया) हा अध्यादेश निघाला आणि या नर्सना कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. हे दल पुढं बंद पडलं नाही, आजची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही त्याचीच वारस. म्हणून अक्का या दलात असतील तर अर्ज कुणाकडं करायचा हे ठरलेलं आहे: दिल्लीतलं सेना मुख्यालय, महानिदेशक वैद्यकीय सेवा (सेना) यांच्याकडचा नर्सिंग विभाग. याशिवाय ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिस म्हणून एक युद्धापुरतं दल होतं. थोड्या दिवसांचं शिक्षण देऊन मुलींना लष्करी इस्पितळात मदतीला पाठवायचे. पूर्ण शिकलेली नर्स आणि ही सहायक नर्स, दोघींना घरात ‘सिस्टर’च म्हणत, पण कागदावर त्या वेगळ्या दलातल्या आहेत.

दुसरी म्हणजे ‘वॅक’. वुमन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया), १९४२ मध्ये सुरू झालेलं. टायपिंग, टेलिफोन, वायरलेस, सांकेतिक संदेश, कोठार, हिशेब, गाडी चालवणं अशी कामं या मुलींनी केली, म्हणजे तेवढे पुरुष आघाडीवर जायला मोकळे झाले. यात स्थानिक सेवा आणि सर्वसाधारण सेवा असे दोन प्रकार होते. स्थानिक सेवेतली मुलगी आपल्याच गावच्या छावणीत काम करी, सर्वसाधारण सेवेतलीला कुठंही पाठवत. भारतीय मुली खाकी साडी नेसत. १९४४ मध्ये यातूनच नौदलाची शाखा वेगळी झाली, वुमन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस, तिची साडी पांढरी. वॅकमधल्या अधिकाऱ्यांची पदं सबाल्टर्न, ज्युनियर कमांडर, सीनियर कमांडर अशी असत. घरात कुणी ‘कमांडर’ असा शब्द सांगत असेल तर तो फुशारकी म्हणून सोडून देऊ नका, ते खरोखरचं पद होतं. वॅक स्वातंत्र्याच्या सुमारास बंद झालं आणि त्याची वारस म्हणावी अशी कोणतीही पलटण आज नाही. त्यामुळं वॅकचे कागद शोधणं नर्सच्या कागदांपेक्षा अवघड.

तिसरी म्हणजे लष्कराच्या पगारावरची सिव्हिलियन: इस्पितळातली आया, कोठारातली कामगार, कार्यालयातली टायपिस्ट. ती गणवेशात नव्हती, पण कॅम्पात कामाला जायची म्हणून लोक ‘मिलिटरीत’ म्हणत. युद्धाच्या काळात बेळगावात मराठ्यांचं शिक्षण केंद्र तर होतंच, शिवाय ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं, इस्पितळ होतं. कॅम्पात कामं पुष्कळ होती. अशा बाईला सैनिकी नंबर नसतो, पदकही सहसा नसतं. अक्कांकडं पदक आहे, ते पुसट का होईना त्यांच्या नावाचं निघालं तर ही शक्यता मागं पडते.

चौथी, आझाद हिंद फौजेची झाशीची राणी रेजिमेंट. १९४३ मध्ये सिंगापूरला उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली. तिच्यात मुख्यतः मलाया-ब्रह्मदेशात राहणाऱ्या भारतीय घरांतल्या मुली होत्या. अक्का खानापुरातून गेल्या असतील तर हे संभवत नाही. पण ज्यांच्या घरचं कुणी त्या काळी रंगून-सिंगापूरला पोटासाठी गेलं होतं, त्यांनी ही वाट जरूर बघावी. आझाद हिंद फौजेच्या फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यातल्या ज्यांनी स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी अर्ज केला त्यांच्या अर्जात सेवेची हकिगत त्यांच्याच शब्दांत मिळते.

आता तुमच्या हातातल्या तीन वस्तूंकडं या. दल ठरवायला मला घरच्या आठवणींपेक्षा याच जास्त कामाच्या वाटतात.

पदक आधी घ्या. ते घासू नका. चिंच, राख, ब्रासो, काही लावू नका. महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना नाव न घालता दिली गेली, पण भारतीय दलांतल्या लोकांच्या पदकांवर नंबर, पद, नाव आणि दल ठोकण्याची पद्धत होती. गोल पदक असेल तर ही अक्षरं त्याच्या कडेवर असतात, चांदणीच्या आकाराचं असेल तर मागच्या बाजूला. अक्षरं बारीक असतात आणि वर्षानुवर्षं पूजेतल्या तांब्याबरोबर घासली गेली तर पुसट होतात. खोलीत अंधार करा, टॉर्च अगदी आडवी धरा म्हणजे अक्षरांच्या खाचेत सावली पडेल, आणि पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलवर कडेचे फोटो काढा. सगळे फोटो एका रांगेत लावून वाचा. नंबर मिळाला तर निम्मं काम झालं. नावापेक्षा नंबर मोठा, कारण त्याला स्पेलिंग नसतं.

पदक कोणतं आहे तेही सांगून जातं. एका बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखवटा तर सगळ्याच गोल पदकांवर आहे, उलटी बाजू बघा. दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते वॉर मेडल. युद्धकाळात अठ्ठावीस दिवस पूर्णवेळ सेवा झाली तरी मिळायचं, त्यामुळं त्यावरून फार कळत नाही. उलट्या बाजूला हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते इंडिया सर्व्हिस मेडल, आणि ते देशातल्या तीन वर्षांच्या सेवेला दिलं जायचं. म्हणजे अक्का उशिरात उशिरा १९४२ च्या उत्तरार्धाच्या आत भरती झालेल्या असणार. भरतीचं साल असं एका पदकावरून अर्धं-अधिक ठरतं. आणि सहा टोकांची तांबूस चांदणी, तिच्यावर ‘बर्मा’ असं असेल तर अक्का पूर्वेला होत्या. ती घ्यायला ब्रह्मदेशातच जावं लागत होतं असं नाही. बंगाल-आसामातल्या ठरावीक काळातल्या सेवेलाही ती मिळत असे, आणि त्या मुलखात लष्करी इस्पितळं भरपूर होती.

फाटक्या फॉर्मबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की कोपऱ्यात ‘आय.ए.एफ.’ अशी अक्षरं दिसतात म्हणून घरातले म्हणतात अक्का एअरफोर्समध्ये होत्या. ती अक्षरं ‘इंडियन आर्मी फॉर्म’ची आहेत. त्यांच्यापुढं एखादं अक्षर आणि आकडा असेल, तो फॉर्मचा क्रमांक. त्या क्रमांकावरून फॉर्म कशाचा होता, भरतीचा, पगाराचा, रजेचा की सुटकेचा, हे जाणकाराला कळतं. कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा, पेन्सिलनं लिहिलेलं डोळ्याला न दिसता फोटोत उजळून येतं. गोल शिक्का असेल आणि त्यात ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ आणि आकडा असेल तर तो मोठाच दुवा. तो आकडा कोणत्या तारखेला कोणत्या ठिकाणी होता हे टपाल संग्राहकांनी छापलेल्या याद्यांत सापडतं. कागदावर ‘आय.जी.एच.’ आणि आधी आकडा दिसला तर ते इंडियन जनरल हॉस्पिटल, ‘सी.सी.एस.’ म्हणजे आघाडीजवळचं जखमींचं केंद्र. अशा इस्पितळांच्या रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १७७’ या मालिकेत आहेत. त्यांत नव्यानं हजर झालेल्या सिस्टरांची नावं कधीकधी तारखेनिशी येतात.

फोटो अल्बममधून उपटू नका. चिकटलेला असेल तर तसाच स्कॅन करा, सहाशे डीपीआयच्या खाली नको. खांद्यावरची पट्टी, पदराची पिन, ब्लाउजच्या गळ्याजवळचा बिल्ला, या तीन जागा मोठ्या करून बघा. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव कळेल. पुण्याचा शिक्का असला आणि अक्का कधी पुण्याला गेल्याचं घरात कुणाला माहीत नसलं, तर तेवढ्यातच त्यांच्या आयुष्यातली एक रिकामी जागा भरली.

अक्का नर्स निघाल्या तर मिरजेकडं बघायला विसरू नका. आपल्या भागातल्या मुली नर्सिंग शिकायला मुंबई-पुण्याच्या आधी मिरजेला जात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेलं मिशन इस्पितळ तिथं होतं, आणि लोंढा-बेळगाव-मिरज अशी मीटर गेजची गाडी होती. खानापूरला बसलं की मिरजेला उतरायचं. शिकलेल्या नर्सची नोंदणी मुंबई इलाख्याच्या १९३५ च्या नर्सेस, मिडवाइव्हज अँड हेल्थ व्हिजिटर्स रजिस्ट्रेशन कायद्याखाली होई. त्या रजिस्टरचा वारसा आज मुंबईतल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं आहे, बेंगळूरुकडं नव्हे. आज आपण कर्नाटकात आहोत म्हणून सगळे कागद बेंगळूरुला गेले असतील असं धरून चालू नका.

सीमाभागातली अडचण इथंच आहे, जरा नीट समजून घ्या. अक्कांचं माहेर खानापूर, ते मुंबई इलाख्यातून आधी म्हैसूर राज्यात आणि मग कर्नाटकात आलं. सासर चंदगड, तेही १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातलंच, पण फेररचनेत मुंबई राज्याकडं राहिलं आणि कोल्हापूर जिल्ह्यात गेलं. म्हणजे लग्न झालं तेव्हा अक्का एकाच जिल्ह्यात इकडून तिकडं गेल्या, आणि काही वर्षांनी न हलता माहेरापेक्षा वेगळ्या राज्याच्या झाल्या. माजी सैनिक म्हणून त्यांनी नाव घातलं असेल तर ते १९५६ च्या आधी बेळगावच्या सैनिक मंडळात आणि नंतर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असू शकतं. दोन्हीकडं विचारा. पेन्शन नसलेल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना राज्य सरकारांनी पुढं मासिक मदत सुरू केली, तिच्या अर्जाला सेवेचा पुरावा जोडावा लागे. अक्कांनी असा अर्ज केला असेल तर डिस्चार्जची नक्कल त्या फाइलीत आयती मिळेल. आणि हे फक्त खानापूर-चंदगडपुरतं नाही. कुणाचं घर बेळगावच्या शहापुरात असेल तर ते पेठ म्हणून आज शहरातच धरलं जातं, पण तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. मुधोळ, जमखंडी, रामदुर्ग ही वेगळी संस्थानं. संस्थानी प्रजेचे शाळेचे आणि जन्माचे कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात सापडायचे नाहीत.

एवढं जमलं की मग माहिती अधिकाराचा अर्ज. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सेना मुख्यालयाला करता येतो, शुल्क १० रुपये. इंग्रजीत किंवा हिंदीत करा. ‘माझ्या आजोबांची बहीण सैन्यात होती का’ असा प्रश्न लिहू नका. कायदा कागद देतो, उत्तरं शोधून देत नाही. साधारण असं लिहा: ‘सन १९४२ ते १९४७ या काळात अमुक दलात सेवेत असलेल्या, अमुक नंबरच्या, अमुक नावाच्या (नावाची संभाव्य रूपं पुढीलप्रमाणे) व्यक्तीचा भरतीचा फॉर्म, सेवानोंद पत्रक, सेवामुक्तीचा आदेश आणि पदकांची नोंद यांच्या प्रती द्याव्यात. हे अभिलेख आपल्या ताब्यात नसल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज संबंधित कार्यालयाकडं वर्ग करावा. नष्ट केले असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ६(३) मुळं चुकीच्या दारात पडलेला अर्ज पाच दिवसांत पुढं पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं, आणि वॅकसारख्या बंद झालेल्या दलासाठी हेच कलम उपयोगी पडतं. नष्ट केल्याची नोंद मागितली की ‘उपलब्ध नाही’ एवढं मोघम उत्तर देऊन फाइल बंद करता येत नाही. ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, सुरक्षेसारखे दोन-तीन अपवाद सोडले तर द्यावीच लागते, आणि व्यक्तिगत माहिती त्या अपवादांत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पहिलं अपील करा, त्याला पैसे लागत नाहीत. मी नेहमी सांगतो की अपील म्हणजे भांडण नव्हे. कित्येकदा पहिल्या खेपेला अर्ज वरवर बघितला जातो आणि अपिलात कुणीतरी उठून कपाट उघडतं.

खानापूरच्या तहसील कार्यालयाला किंवा शाळा खात्याला अर्ज करायचा तर तो कर्नाटकच्या नियमाखाली जातो, आणि तिथं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. कोतवाल बुकाचा वेगळा, शाळेच्या रजिस्टराचा वेगळा अर्ज करा. कन्नडमध्ये लिहून दिलात तर टेबलावरचा माणूसही आपुलकीनं बघतो. गावात कन्नड येणारं पोर मिळायला काही अडचण नाही.

अर्जाची वाट बघताना घरबसल्या तीन ठिकाणी शोध घेता येतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ, तिथं युद्ध आणि संरक्षण खात्याच्या फाइलींची शीर्षकं इंग्रजीत शोधता येतात. माणसाचं नाव क्वचितच लागतं, म्हणून दलाचं नाव, इस्पितळाचा क्रमांक, ‘बेलगाम’ची जुनी स्पेलिंग घालून बघा. दुसरं लंडन गॅझेट, मोफत आहे. अक्का अधिकारी असतील किंवा रॉयल रेड क्रॉससारखा सन्मान मिळाला असेल तर नाव तिथं छापलेलं असेल. तिसरी जागा छापील इंडियन आर्मी लिस्ट, जुन्या खंडांचे स्कॅन आंतरजालावर मिळतात, पण त्यांत अधिकारीच असतात. ब्रिटिश लायब्ररीतल्या ‘एल/मिल/१४’ या सेवाफाइलींच्या मालिकेचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेल. तिच्यात मुख्यतः ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या फाइली आहेत, तिथं आधी पैसे घालू नका. आणि ज्यांच्या घरची बाई सेवेत असतानाच गेली, त्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत बघावं. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथं नोंदलेले आहेत.

एक गोष्ट मन लावून सांगायची आहे. या बायकांबद्दल घरात कमी बोललं गेलं, आणि ते काही विसरण्यामुळं नव्हे. मुलगी परगावी गोऱ्या साहेबांच्या ऑफिसात काम करत होती, गणवेश घालत होती, हे लग्नाच्या बाजारात लपवण्याजोगं मानलं गेलं. सोयरीक जुळवताना ‘मुलगी मावशीकडं पुण्याला होती’ असं सांगून तीन-चार वर्षं झाकून टाकलेली घरं मला माहीत आहेत. कागद जाळले, फोटो कापले, पत्रं विहिरीत टाकली. ज्या घरानं असं केलं त्या घराला दोष देत बसू नका, पण त्या मुलीनं केलेलं काम मात्र पुरतं उजेडात आणा. तिनं तार पकडली, जखमींची मलमपट्टी केली, रात्रपाळ्या काढल्या. ते तिच्या नावावर लागलं पाहिजे.

म्हणून म्हाताऱ्या माणसांना विचारताना ‘अक्का मिलिटरीत होत्या का’ असं विचारू नका. लगेच ‘काय की बाई’ असं उत्तर येतं. आडून विचारा. लग्नाच्या वेळी अक्कांचं वय काय होतं, एवढा उशीर का झाला? त्यांना इंग्रजी कुठून यायचं? त्यांच्याकडं येणारी ती परगावची मैत्रीण कोण? त्यांना हिंदी किंवा बंगाली गाणी यायची का? सुईनं इंजेक्शन द्यायला, पट्टी बांधायला गावातली माणसं त्यांच्याकडं यायची का? मैत्रिणीचं नाव हाताला लागलं तर तिच्या घरच्यांनाही गाठा. दोघी एकाच दलात असतील तर तिच्या ट्रंकेतल्या ग्रुप फोटोत तुमच्या अक्का उभ्या असू शकतात, आणि अशा फोटोच्या खाली पुष्कळदा युनिटचं नाव आणि तारीख छापलेली असते.

तुम्ही लिहिलं आहे की चंदगडला अक्कांच्या धाकट्या जाऊबाई अजून आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना फोनवर विचारू नका. फोटो मोठा करून छापून न्या, त्यांच्या हातात द्या आणि मोबाइलवर आवाज टिपायची परवानगी घेऊन शांतपणे बसा. शाळेच्या दाखल्याचा अर्ज पुढच्या महिन्यात दिला तरी चालेल, चंदगडला याच आठवड्यात जाऊन या. आल्यावर पदकाच्या कडेचे आणि फॉर्मच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा, नंबर वाचायला मी मदत करतो.